तो शेरा माझ्या हातचा होता

दत्ता,

तुझ्यावर लिहायचं काम शैलावहिनींनी माझ्याकडे दिलंय. आपल्या कामगार संघटनेच्या अंकात तुझ्यासाठी दोन पानं ठेवली आहेत. फोटो वहिनींनी दिला, आणि मजकूर भावजी लिहितील असं परस्पर सांगूनही टाकलं. मग मला फोन. "तुमच्याशिवाय कोण लिहिणार? ह्यांना परत कंपनीत घ्यावं म्हणून तुम्ही किती खटपट केलीत. वरच्यांनी नाय ऐकलं, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

मी "लिहितो" म्हणालो. फोन ठेवला आणि पेणच्या घरी ओट्यावर तसाच बसून राहिलो.

खटपट! हा शब्द तू त्यांच्या डोक्यात भरवून गेलास. मी कसलीही खटपट केली नाही. तू कॅनडाहून परत आलास, आपल्याच कंपनीत, आपल्याच बॉयलर हाऊससाठी मुलाखतीला बसलास, तेव्हा 'घेऊ नये' असा शेरा लिहिणारा हात माझा होता. खोलीत आणखी दोघे होते, पण ते मुंबईचे. त्यांना आता तुझं नावही आठवणार नाही. म्हणजे हे माहीत असलेला मी, आणि न सांगता ओळखलं असशील तर तू, एवढे दोघेच, आणि त्यातला तू गेलास. अजून महिना झाला नाही. आणि मी तुझ्या फोटोशेजारी छापायला चांगले चांगले शब्द शोधतोय.

नाही जमत. तुझा जन्म, शिक्षण, पश्चात कोण कोण, ते फोटोखाली येईल. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तुझ्याशी, त्या तिकडच्या गोड बोलणाऱ्यांशी, आणि सगळ्यात जास्त माझ्याशी.

तू मला पहिल्यांदा शिवी दिलीस तो दिवस आठवतो? मी कंपनीत नवा होतो. हातात डिग्री, डोक्यावर कोरं हेल्मेट, आणि बॉयलर पाहिलेला फक्त पुस्तकात. तू डिप्लोमावाला, पण बॉयलरची सरकारी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला. तुझी सकाळची शिफ्ट सुटली होती आणि तू हातात डबा घेऊन गेटकडे निघाला होतास. मी बॉयलरसमोर एकटा. आतली पाण्याची पातळी दाखवणारी काच रिकामी झालेली मला दिसली, आणि बावळट माणसाला सुचेल तेच मला सुचलं. पाणी कमी झालंय, तर पाणी सोडावं. मी पाण्याच्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला.

तेवढ्यात मागून तुझा डबा माझ्या पाठीत बसला. तू तो फेकून मारला होतास, कारण तू अजून वीस पावलं लांब होतास.

"हात काढ! हात काढ, मुडद्या!"

तू धावत आलास, आधी आग बंद केलीस, मला दंडाला धरून बाहेर ओढलंस. बाहेर पाइपावर बसवलंस आणि म्हणालास, "काच रिकामी दिसली तर आधी आग मारायची. पाण्याला हात नाय लावायचा. आत लोखंड लाल झालंय, त्याच्यावर गार पाणी सोडला असतास तर तुझे तुकडे नागोठण्यापर्यंत वेचायला लागले असते. कुठला तू?"

"पेणचा."

"मग पेणकर, गणपती रंगवायचे सोडून इकडं कशाला आलास मरायला?"

तेव्हापासून मी तुझ्यासाठी पेणकर. मी नंतर विचारलं होतं, गेटच्या वाटेवरून तुला कळलं कसं? तू म्हणालास, आवाज कोरडा झाला होता. आणि शिफ्ट सुटलेली असताना धावलास कसा, असं विचारल्यावर माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं बघितलंस. "शिफ्ट गेटवर सुटते. कानाची कधी सुटते काय?" आपल्या बॉयलर हाऊसची हीच रीत होती. ज्याला ऐकू येईल त्यानं धावायचं, मग बॉयलर कुणाचा का असेना. त्या दिवशी लॉगबुकात तू लिहिलंस, 'पातळी कमी झाली, दोघांनी मिळून बॉयलर बंद केला.' दोघांनी! मी पाठ चोळत बसलो होतो.

पुढे काय झालं ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीच बोलतो. बॉयलर हाऊस ज्यात येतं त्या युटिलिटी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. काम तुझं, नाव माझं लागलं. डिग्री माझ्याकडे होती ना. तू पेढा घेतलास, अर्धा मोडून माझ्या तोंडात घातलास आणि म्हणालास, "साहेब झालास. आता मला रजा लवकर मंजूर कर." आणि वर्षभरात तू कॅनडाचे कागद भरायला लागलास.

आपलं भांडण झालं होतं त्यावरून. रोह्यात, कुंडलिका नदीच्या काठावर, तुझ्या घरामागे. मी म्हणालो, चाळिशी आली, आता कुठे जातोस? तू म्हणालास, "तिकडं पॉइंट देतात. वयाचे, इंग्रजीचे, अनुभवाचे. माझे सतरा वर्षांच्या अनुभवाचे सगळेच्या सगळे पॉइंट आले, पेणकर. इकडं सतरा वर्षांत माझा एक पॉइंट कुणी धरला नाय." तो टोला मला होता. मला तेव्हा तो कळला आणि मी न कळल्यासारखं केलं.

तू गेलास. वहिनी गेल्या, अकरा वर्षांची गणिताची शिक्षिकेची नोकरी सोडून. तुमची लेक सई गेली, नवं दप्तर घेऊन.

आता मला त्या लोकांशी भांडू दे.

त्यांनी तुझा अनुभव मोजला, म्हणून तुला आत घेतलं. कागद तपासले, शिक्के तपासले, कंपनीचं पत्र तपासलं. ते पत्र मीच दिलं होतं, तू काय काय चालवतोस ते एकेक ओळीत लिहून. हा माणूस आम्हाला हवा, असं एका सरकारनं म्हटलं. आणि तू विमानातून उतरल्यावर त्याच देशातल्या मालकांनी विचारलं, इथला अनुभव आहे का? नाही? मग सॉरी. अरे, मग बोलावलंत कशाला? दारावर ज्या नाण्याचं मोल केलंत, ते आत येताच खोटं कसं ठरलं?

तू फोनवर सांगायचास. आमच्याकडे सकाळ असायची, कंपनीच्या बसची वाट बघत मी पेणच्या नाक्यावर उभा असायचो आणि तू तिकडच्या संध्याकाळी बोलायचास. एक बाई मुलाखतीत म्हणाली, तुमचा अनुभव फारच उत्तम आहे, पण कॅनडातला काही आहे का? तू म्हणालास, मॅडम, मी आलोच आठ महिन्यांपूर्वी. ती हसली. "सगळे छान हसतात रं इकडं. नाय म्हणताना तर जास्तच छान." आणि मग तू विचारलंस, "पेणकर, तू डिग्रीवाला. मला सांग, इकडच्या पाण्याला काय वेगळ्या डिग्रीला उकळी फुटते?"

मी नाक्यावर एकटाच हसलो. तू हसला नव्हतास.

बॉयलर चालवायला तिकडचा परवाना हवा. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर तिकडच्या बॉयलरजवळ काढलेले तास हवेत. आणि बॉयलरजवळ उभं राहायचं तर परवाना हवा. तू हे मला तीनदा समजावलंस, कारण मला वाटत होतं तू काहीतरी उलटसुलट सांगतोयस. तिसऱ्यांदा तू चिडलास. "उलट मी नाय सांगत. उलट तेच हाय." तुझे इकडचे तास काही धरले, काही सोडले, आणि जे धरले त्यांच्यावर तुला सगळ्यात खालच्या पायरीवर उभं केलं. वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत. तेही चालेल म्हणालास. तर त्या पायरीवरही कुणी घेईना. इथला अनुभव?

नोकरी कशी शोधावी याचे फुकट वर्ग होते तिथे. तू वहीपेन घेऊन गेलास. शिकवणाऱ्यानं तुझा बायोडाटा बघितला आणि सतरा वर्षं दोन ओळींत आणायला सांगितली. एवढा अनुभव बघून लोक बिचकतात म्हणे. लपवा. दत्ता, मला त्या माणसाचा अजून राग येतो, आणि तो बिचारा कदाचित तुझं भलंच बघत असेल. माणसानं आयुष्यभरात जे कमावलं ते गुन्ह्यासारखं लपवायला लावायचं, आणि वर त्याला मार्गदर्शन म्हणायचं!

शेवटी तू एका शाळेत सफाईचं काम घेतलंस. वहिनी एका बेकरीत पाव भरायला लागल्या. खंडेनवमीला तू मला फोटो पाठवलास. फरशी पुसायची चाकावरची बादली, तिला हळदकुंकू, आणि दांड्याला पिवळं प्लॅस्टिकचं फूल. खाली लिहिलंस, 'ज्याच्यावर पोट, त्याची पूजा.' मी त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवलं. दुसरं काय पाठवणार होतो? मी त्या दिवशी आपल्या बॉयलरला झेंडूची माळ घालून नारळ फोडून आलो होतो.

आणि मग ती दुपार.

शाळा सुटायची होती. तू तळघरातल्या लांब बोळातून फरशी पुसत चालला होतास. बोळाच्या टोकाला बॉयलरची खोली, त्या सगळ्या इमारतीला ऊब देणारी. दारावर पाटी, परवानाधारकांशिवाय प्रवेश नाही. तुला आवाज आला. कोरडा. तू दार ढकललंस, काच बघितलीस. रिकामी. आग चालू. पाण्याला हात लावला नाहीस. आग बंद केलीस, बाहेर आलास, घंटा वाजवलीस, वरच्या हॉलमधली खेळणारी मुलं बाहेर काढायला लावलीस. मग फोन केलास. दुरुस्तीवाला आला, त्यानं आत बघितलं, बाहेर येऊन तुझ्या खांद्यावर थाप मारली. आणि चार दिवसांनी शाळेनं तुझं कार्ड काढून घेतलं, कामावरून काढलं. अधिकार नसताना उपकरणाला हात लावला, असं पत्र दिलं. थाप मारणाऱ्यानं कागदावर तुझ्या बाजूनं काहीच लिहिलं नव्हतं.

तू मला हे सांगितलंस तेव्हा मी काय बोललो? हेच आपलं अर्धवट राहिलेलं भांडण. मी म्हणालो, "तू आत जायला नको होतंस. नियम आहे. बाहेर पळायचं आणि फोन करायचा."

"आणि फोन केलेला माणूस येईपर्यंत?"

"ती तुझी जबाबदारी नव्हती, दत्ता."

तू म्हणालास, "मुलं होती रं वर." आणि मग, "तू असं बोलतोस, पेणकर? तू?"

बस आली होती. मी नंतर बोलू म्हणालो. नंतर आपण त्यावर कधीच बोललो नाही. मला आज त्याचं उत्तर द्यायचं आहे. तू बरोबर होतास. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण मी साहेब होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि साहेबाच्या तोंडात नियम आधी येतो.

चार वर्षांनी तुम्ही तिघं परत आलात. रोह्यातल्या लोकांनी विचारलं तेव्हा तू सांगायचास, थंडी सोसली नाय. कुणाला तिकडच्या अर्जांचं बोलला नाहीस. आणि आपल्याकडे बॉयलर इनचार्जची जागा निघाली. मीच तुला कळवली. वहिनी धरून बसल्यात ती खटपट एवढीच.

मुलाखतीच्या खोलीत टेबलाच्या या बाजूला मी, मुंबईहून आलेला एचआरचा एक आणि मुंबई ऑफिसचा वरचा साहेब एक. तू आत आलास. इस्त्रीचा पांढरा शर्ट. तू माझ्याकडे बघून हसला नाहीस, मला अडचण नको म्हणून. मुंबईच्या साहेबानं कागद चाळले. "चार वर्षं कॅनडात. व्हेरी गुड. कुठल्या प्लांटवर?"

तू म्हणालास, शाळेत. सफाईला.

तो हसला, तिकडच्या त्या बाईसारखाच असणार, छान. म्हणाला, आमच्या नियमात गेल्या तीन वर्षांतला संबंधित अनुभव लागतो. तुमच्याकडे या काळातला बॉयलरचा काहीच अनुभव नाही?

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी फॉर्मकडे बघत होतो. मग तू ती शाळेची दुपार सांगितलीस. किती नीट सांगितलीस! आवाज, काच, आग, मुलं. चार वर्षांत तेवढा एकच बॉयलर तुझ्या हाताला लागला होता, तोही दोन मिनिटं, आणि तू तो अनुभव म्हणून टेबलावर ठेवलास.

"म्हणजे," मुंबईवाला म्हणाला, "तुम्ही परवानगी नसताना यंत्रणेला हात लावलात?"

मी बोलायला हवं होतं. मला पाठ आहे मी काय बोलायला हवं होतं. साहेब, याच माणसानं याच आवारात असाच हात लावला म्हणून मी आज या खुर्चीवर आहे. एक वाक्य. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तू गेल्यावर त्या दोघांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "तुमचा विभाग आहे. तुम्ही शिफारस करत असाल तर नियमातून सूट देता येते." हे तुला मी कधी सांगितलं नाही. सूट देता येत होती. एका सहीचं काम होतं. मी लिहिलं, 'कौशल्य चांगले. गेल्या चार वर्षांत बॉयलरचा अनुभव नाही. अधिकार नसताना यंत्रणेला हात लावण्याची प्रवृत्ती. घेऊ नये.'

प्रवृत्ती. ज्या प्रवृत्तीनं मी जिवंत आहे तिला मी दोष म्हणून नोंदवलं. स्वच्छ अक्षरात.

का लिहिलं, तेही सांगतो, कारण इथे खोटं बोललो तर मग कुठेच खरं बोलणार नाही. तू परत आला असतास तर बॉयलर हाऊसमधली माणसं काहीही अडलं की तुझ्याकडे वळली असती. आधीही वळायची. ती मला साहेब म्हणतात आणि तुझं ऐकायची. तू नव्हतास त्या चार वर्षांत मला पहिल्यांदा वाटायला लागलं होतं की ते बॉयलर हाऊस माझं आहे. तेवढ्यासाठी. पगार, बढती, वरच्यांचा दाब, यातलं काही नव्हतं. त्या कॅनडावाल्यांना निदान तू माहीत नव्हतास. ते अनोळखी माणसाला नाही म्हणाले. मी तुला ओळखत होतो, म्हणूनच नाही म्हणालो.

आठ दिवसांनी तू मला जेवायला बोलावलंस. मला वाटलं, आता विचारणार. वहिनींनी जिताडा माशाचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, काय म्हणाली कंपनी?" मी घास घेतला होता. तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. आणि वहिनींना म्हणालास, "पेणकरनं लय खटपट केली गो. मुंबईचे साहेब ऐकत नाय. त्याच्या हातात कुठं काय हाय?"

आणि मला म्हणालास, "डोकं घे जिताड्याचं. लाजतोस काय?"

मानाचं डोकं ते, मी घेतलं. मी ते खाल्लं, दत्ता.

याचाच मला तुझ्यावर राग आहे. तू असं का केलंस? माझ्या तोंडावर डबा फेकून मारायचास. वहिनींसमोर विचारायचंस, काय रे, काय लिहिलंस? मी तिथेच मोडलो असतो, पाया पडलो असतो, दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन फॉर्म परत मागितला असता. कदाचित. तू मला ती संधीच दिली नाहीस. तू मला वाचवलंस की शिक्षा दिलीस? लॉगबुकात 'दोघांनी मिळून' लिहिणारा माणूस तू. तुझी तीच खोड असेल. पण मला कधी कधी वाटतं, तुला सगळं कळलं होतं आणि तू ठरवलंस की या पेणकरला आयुष्यभर हे कालवण गिळत राहू दे. यातलं खरं काय, ते सांगायला तू राहिला नाहीस. हे बरोबर केलं नाहीस.

मग तू हमरापूरला मेहुण्याच्या गणपतींच्या कारखान्यात जायला लागलास. परदेशात जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात, त्यांच्या पेट्या भरायचं काम. मी एकदा सुट्टीच्या दिवशी आलो होतो. तू मूर्तीच्या सोंडेभोवती फोम गुंडाळत होतास, आणि आवाज चढवून म्हणालास, म्हणजे सगळ्या बायाबापड्यांना ऐकू जावं, "हे बघ पेणकर, हा माल कॅनडाला. ह्यांना कोण विचारत नाय, तुम्ही तिकडं आधी कुठं बसला होता? लोकल अनुभव हाय काय?" सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "अरं दत्ता, देवाला इचारतील काय?" तू म्हणालास, "म्हणून तर सांगतो आजी, पुढच्या जन्मी शाडूचा होणार."

तिथंच, त्या पेट्यांमध्ये, दुपारी तुझ्या छातीत कळ आली. पेणच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, रक्तवाहिनीचं. माझ्या शेऱ्यामुळे तू मेलास असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तो पुन्हा स्वतःला मोठं करण्याचा प्रकार होईल. पण त्या दुपारी तू कुठे असायला हवा होतास, ते मला माहीत आहे.

इथवर लिहून कागद तीन दिवस कपाटात ठेवले. हे छापायला देणं एक आणि वहिनींना तोंडानं सांगणं एक. आधी छापलं असतं तर तोही पळपुटेपणा झाला असता. काल रोह्याला जाऊन आलो.

सई कॉलेजला गेली होती. वहिनींनी चहा ठेवला. "लिहून झालं? आणलंत?"

मी म्हणालो, "वहिनी, आधी ऐका." आणि सांगितलं. खोली, मुंबईवाला, सूट देता येत होती ते, सही. मी भराभर बोलत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"कागदावर काय लिहिलंत? शब्द सांगा."

मी सांगितले. चारही वाक्यं.

त्या शिक्षिका होत्या, दत्ता. एखाद्या मुलाचा पेपर हातात असावा आणि त्यातली चूक कुठून सुरू झाली ते शोधावं, तशा बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला पण तिकडं हेच ऐकवलं. अकरा वर्षं गणित शिकवलं, तर म्हणे इकडच्या वर्गाचा अनुभव नाय. मी कधी रडले नाय. म्हटलं, ही लोकं काय आपली हायत? परत गेल्यावर आपली माणसं हायत." मग थेट विचारलं, "का केलंत?"

ते सांगणं सगळ्यात कठीण गेलं. तरी सांगितलं. तो आला असता तर बॉयलर हाऊसमधल्या माणसांनी मला विचारलं नसतं.

"म्हणजे त्या माणसांना घाबरलात."

"हो."

"मग मला कशाला सांगताय? त्यांना सांगा."

मला कळलं नाही. त्या उठल्या, माझ्यासमोरचा कप उचलला. चहा अजून वाफाळत होता. कप आत नेऊन ठेवला आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जे लिहिलंय ते आधी तिथं उभं राहून वाचायचं. त्या सगळ्यांसमोर. मग द्या छापायला. जमत नसेल तर नुसता फोटो येऊ दे. दोन्ही पानं कोरी गेली तरी चालतील." आणि पुढे, "ह्यांनी मला खोटं सांगितलं, ते माझं मी बघेन. त्याच्यात तुम्ही पडू नका."

त्यांनी मला जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. मी निघालो.

आज सकाळी हे सगळं पुन्हा वाचलं आणि 'प्रवृत्ती' हा शब्द खोडला. 'सवय' लिहिलं. मग तेही खोडलं आणि होता तोच पुन्हा लिहिला. कागदावर ती जागा आता काळी झाली आहे.

उद्या तीन वाजता शिफ्ट बदलते. जाणारे आणि येणारे दोन्ही त्या वेळी आत असतात. मिळून नऊ जण. त्यातले पाच तुझ्या हाताखाली शिकलेले, कुणाला काच कशी बघायची ते तू दाखवलंस, कुणाला शिव्या देऊन. उद्यानंतर ते मला काय म्हणतील, म्हणतील की नाही, मला ठाऊक नाही. मी घरात एकदा मोठ्यानं वाचून बघितलं, तर आवाज अर्ध्यावर खाली जात होता, तुझ्या घरच्या त्या जेवणापाशी. तसं चालणार नाही. बॉयलर हाऊसमध्ये हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, दत्ता. सगळं ओरडूनच वाचावं लागेल.